मेलेल्याला भूल कशाला?

प्रश्न:

डॉक्टर मॅडम, गेल्या वर्षी श्रावणात ह्यांचा मोटरसायकलवर अपघात झाला. डोक्याला मार होता. चौथ्या दिवशी रात्री डॉक्टरांनी एक तपासणी केली, पहाटे परत तीच केली आणि सकाळी मला बोलावून सांगितलं, ब्रेन डेड आहेत. मग एका मॅडमनी अवयवदानाबद्दल विचारलं. ह्यांनी तसं काही लिहून ठेवलं नव्हतं, पण टीव्हीवर बातमी बघताना एकदा म्हणाले होते, "आपलंबी द्यावं." मी सही केली. दिरांची हरकत नव्हती. सासूबाई गावाकडे होत्या, त्या दुपारी पोचल्या. त्यांनी बघितलं तेव्हा छाती वरखाली होत होती, हात गरम होता आणि पायाचा अंगठा हलला. संध्याकाळी ह्यांना आत नेताना बाहेर कुणीतरी म्हणालं, "भूलतज्ज्ञ आलेत, आता सुरू करतील." तेव्हापासून सासूबाईंचं एकच: मेलेल्याला भूल कशाला? तू सही केलीस म्हणून माझा लेक गेला. ती अरुणा शानबाग 42 वर्षं होती, माझ्या लेकाला चार दिवस दिले नाहीत. त्या माझ्या हातचा चहा घेत नाहीत. खरं सांगते, रात्री मलाही वाटतं, त्यांना दुखलं असेल का?

दुसरं, हृदय ज्यांना बसवलं त्यांचा फोटो पेपरात आला होता, दिरांनी पत्ता काढलाय. म्हणतात, जाऊन भेटू, पोराच्या शिक्षणाचं काहीतरी बघतील. मुलगा सातवीत आहे. परवा विचारत होता, पप्पांचं हृदय आता कुठं आहे? काय सांगू?

– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर:

ताई, सासूबाईंचा प्रश्न आधी घेते. तो अगदी नेमका आहे आणि योगायोगाने पत्ता बरोबर पडलाय. अशा शस्त्रक्रियांच्या वेळी डोक्याशी उभी राहणारी भूलतज्ज्ञ मीच असायचे.

भूलतज्ज्ञ म्हणजे झोपवणारा डॉक्टर, एवढंच लोकांना माहीत असतं. प्रत्यक्षात आमचा बहुतेक वेळ रक्तदाब, प्राणवायू, शरीराची ऊब आणि सलाइनचा हिशेब सांभाळण्यात जातो. मेंदू मेला की ही सगळी कामं बेवारस होतात. रक्तदाब ढासळतो, अंग गार पडायला लागतं, लघवी इतकी होते की ओतलेलं सलाइन पुरत नाही. अवयव दुसऱ्याच्या उपयोगी पडायचे तर ते काढेपर्यंत त्यांना रक्त मिळत राहिलं पाहिजे. त्यासाठी तिथं भूलतज्ज्ञ लागतो.

आता अवघड भाग. आम्ही एक औषध नक्की देतो, स्नायू सैल करणारं. कधी कधी भुलेचा वायूही थोडा देतो. का? कारण चिरा दिला की मेंदू मेलेल्या शरीरातही रक्तदाब उसळू शकतो, हात किंचित उचलला जाऊ शकतो. हे मणक्यातल्या मज्जारज्जूचं काम. गरम तव्याला बोट लागलं तर "भाजलं" हे कळायच्या आधी हात मागे येतो ना, तसा निरोप मज्जारज्जूपाशीच फिरतो, मेंदूपर्यंत जावा लागत नाही. सासूबाईंनी पाहिलेला अंगठा हाच. त्यांना भास झाला असं कृपा करून कुणी म्हणू नका. तो हलला असणार. मेंदू मृत असलेल्या माणसात पायाची बोटं हलणं डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं आहे.

पण दुखणं वेगळं. दुखायला कुणीतरी जागं असावं लागतं. जागं राहण्याची कळ मेंदूच्या बुडाशी असते, तिला मेंदूस्तंभ म्हणतात. तुमच्या यजमानांचा तोच भाग मेला होता. त्यांना दुखलं नाही, ताई. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. तशी शंका मला कधी आली असती तर मी ते काम सोडलं असतं.

हे भुलेचं प्रकरण नातेवाइकांना आधीच सांगायला हवं, असं माझं मत मी नोकरीत असतानाही होतं. सहकारी म्हणायचे, कशाला उगाच घाबरवायचं? मग व्हरांड्यात कुणाच्या तरी तोंडून अर्धं वाक्य कानावर पडतं आणि एक म्हातारी बाई वर्षभर ते उराशी घेऊन बसते.

आता रात्री आणि पहाटे काय केलं ते. ही तपासणी म्हणजे टॉर्च मारून डोळे बघणं नव्हे. बाहुल्या उजेडाने आवळतात का, बुबुळाला कापूस लावला तर पापणी मिटते का, कानात बर्फाचं पाणी सोडलं तर डोळे फिरतात का, घशात नळी फिरवली तर ठसका लागतो का, असं एकेक करून मेंदूस्तंभाचं दार ठोठावतात. शेवटची तपासणी श्वासाची. लहानपणी विहिरीत बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो हे खेळला असाल तर आठवून बघा. थोड्या वेळाने जीव कासावीस होतो, ठरवलं तरी थांबता येत नाही. ती तगमग रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि श्वासाची हाक मेंदूस्तंभातून येते. या तपासणीत व्हेंटिलेटर सुटा करतात, नळीने नुसता प्राणवायू सोडतात आणि छातीकडे बघत थांबतात. आठ-दहा मिनिटं जातात. कार्बन डायऑक्साइड एवढा चढतो की निजलेला, दारू प्यालेला, खोल बेशुद्धीतला माणूसही श्वास ओढेल. रक्त काढून तो आकडा मोजतात. तरीही छाती हलली नाही तर हाक देणारं कुणी उरलेलं नाही.

कायद्याने हे सगळं दोनदा करावं लागतं, मध्ये किमान 6 तास सोडून. चार डॉक्टरांच्या सह्या लागतात आणि त्यांत प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतलं कुणी चालत नाही. सुरुवात करण्याआधी झोपेची औषधं, विषबाधा, अंग फार गार पडणं अशी फसवी कारणं वगळावी लागतात. तुमच्या यजमानांची पहिली तपासणी रात्री झाली, दुसरी पहाटे. तुमची सही सकाळची. तुम्ही पेन हातात घेतलं तेव्हा ते गेलेले होते. तुम्ही "नाही" म्हणाला असता तर ते वाचले नसते. हृदय काही तास, फार तर काही दिवस मशीनच्या आधाराने चाललं असतं आणि थांबलं असतं.

पण छाती तर हलत होती, असं सासूबाई म्हणणार. हलतच होती, मशीन हवा ढकलत होतं. हृदयाचं म्हणाल तर त्याला मेंदूची आज्ञा लागत नाही, ठोक्याची ठिणगी त्याच्याच भिंतीत असते. कॉलेजात जीवशास्त्र घेतलेल्या जुन्या मंडळींनी बेडकाचं सुटं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडताना पाहिलं असेल. प्राणवायू मिळतोय तोवर ते चालतं. हात गरम होता तो त्यामुळे.

अरुणा शानबागचं उदाहरण मात्र पूर्ण वेगळं आहे आणि हा घोळ शिकलेली माणसंही करतात. हल्ल्यात मेंदूला इजा झालेली ही परिचारिका 1973 ते 2015 मुंबईच्या केईएम रुग्णालयात होती, पण शेवटचे काही दिवस सोडले तर व्हेंटिलेटरवर नव्हती. स्वतःचा श्वास स्वतः घेत होती, डोळे उघडत होती, भरवलेलं गिळत होती. तिची जाणीव गेली होती, मेंदूस्तंभ चालू होता. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती ब्रेन डेड नाही असं स्पष्ट म्हटलं. पेपरात अधूनमधून "कोमातून इतक्या वर्षांनी जागा झाला" अशी बातमी येते, ती कोमातली माणसं. श्वासाची ही तपासणी नीट, दोनदा झाल्यावर परतलेला माणूस माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिला नाही.

तरीही सासूबाईंना अडाणी ठरवू नका. त्यांच्या मनात जे आहे ते मोठमोठ्या लोकांच्याही मनात येऊन गेलंय. मेंदू मेलाय आणि हृदय चालू आहे, अशी अवस्था आपल्या आज्यांच्या काळी नव्हतीच. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, माणसांना दिवसचे दिवस कृत्रिम श्वास द्यावा लागला आणि त्यानंतर त्यासाठीचे अतिदक्षता विभाग जगभर उभे राहिले. 1959 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी या "कोमाच्या पलीकडच्या" अवस्थेचं वर्णन केलं तेव्हा अवयवांचा विषय त्यात नव्हता. पण अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष जाहीर केले ते ऑगस्ट 1968 मध्ये, म्हणजे केपटाउनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदय बसवल्यावर आठच महिन्यांनी. आणि जुन्या व्याख्येमुळे अवयव मिळवताना वाद होतात, हे कारण त्या अहवालात लिहिलेलं आहे. म्हणजे "अवयवांसाठी मरण अलीकडे ओढलं का" हा प्रश्न काही सासूबाईंनी शोधलेला नाही. आपल्याकडे फेब्रुवारी 1968 मध्येच केईएमला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा यायला मात्र 1994 उजाडलं. आणि गंमत बघा, जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. त्यात मृत्यू म्हणजे जिवंतपणाच्या सगळ्या खुणा कायमच्या नाहीशा होणं. मेंदूस्तंभाचा मृत्यू हा शब्द येतो तो अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात. एकाच देशात मरणाच्या दोन व्याख्या. मग एखाद्या आईला वाटलं की अवयव घ्यायचे असले की माणूस लवकर मरतो, तर तिचं फार चुकलं का?

माझं उत्तर तरीही ठाम आहे: अवयव घ्यायचे नसले तरी तो माणूस गेलेलाच असतो. फक्त तेव्हा ते कुणी मोठ्याने सांगत नाही.

सासूबाईंना दुखावलं असेल ते शब्दांनी. आम्ही म्हणतो, "ब्रेन डेड आहे, पण मशीनवर जिवंत ठेवलंय." अरे, मग जिवंत आहे की मेलाय? मी स्वतः हे वाक्य तरुणपणी कितीदा बोलले असेन. आणि मग दात्यांच्या घरच्यांच्या सत्काराच्या दिवशी आईच्या हातात नारळ देऊन माइकवरून सांगतात, "तुमचा मुलगा गेलेला नाही, तो पाच जणांत जिवंत आहे." ही घोषणा मला कधीच आवडली नाही. आयसीयूत तिला पटवायचं की तो मेला आणि मंचावर पटवायचं की तो जगतोय. जिला पहिलंच पटलेलं नाही तिने काय करायचं? तुमच्या घरात हे वाक्य वापरू नका. त्यांचा मुलगा गेला. त्याचे अवयव दुसऱ्या आजारी माणसांच्या कामी आले. या दोन गोष्टी सुट्याच ठेवा.

आता काय करायचं ते. रुग्णालयात अर्ज देऊन कागदपत्रांच्या प्रती मागा. डॉक्टरांसाठीच्या नियमांप्रमाणे नातेवाइकांनी मागितल्यावर 72 तासांत त्या द्याव्या लागतात. त्यात "नमुना 10" नावाचा कागद असेल. दोन्ही तपासण्यांच्या वेळा, प्रत्येक तपासणीचं उत्तर आणि चौघांच्या सह्या त्यावर असतात. तुमची संमती "नमुना 8" वर असेल. दोन्ही शेजारी ठेवा, तारीख आणि वेळ बघा. मग ज्या मॅडमनी तुम्हाला विचारलं होतं, त्यांना समन्वयक म्हणतात, त्यांच्यामार्फत आयसीयूच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि सासूबाईंना घेऊन जा. त्यांना बोलू द्या. अंगठ्याचं त्यांनीच विचारावं, भुलेचंही त्यांनीच. तुम्ही मध्ये पडू नका. डॉक्टर घाईत असले तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. त्या दुपारी त्या आल्या तेव्हा कुणीतरी अर्धा तास त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. कायद्याने एका जवळच्या नातेवाइकाची सही पुरते, पण लेकाचं मरण आईला इतर सगळ्यांच्या नंतर कळावं, ही चूकच झाली. ती तुमची एकटीची नाही. तुम्ही चार रात्री बाकड्यावर काढलेल्या होत्या.

कदाचित एवढं करूनही त्या मानणार नाहीत. त्यांना रागवायला कुणीतरी हवंय. धडक देणारा माहीत नसेल, नशिबावर ओरडून पोट भरत नाही, मग घरातली सून सापडते. तेही समजून घ्या, पण सोसत बसू नका. वर्षभर हातचा चहा न घेणं हे घरातल्या तिसऱ्या माणसाने बोलून सोडवायचं असतं. तुमच्या दिरांना सही मान्य होती ना? मग ते त्यांनी आईसमोर, तुमच्या देखत सांगायला हवं. आजवर सांगितलं नसेल तर पत्ते शोधण्याआधी त्यांचं हे काम बाकी आहे.

आणखी एक गोष्ट सासूबाईंच्या कानावर घाला, सवडीने. अपघाताच्या केसमध्ये पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन चुकत नाही. अवयव दिले नसते तरी अंगाला सुरी लागलीच असती. बऱ्याच आयांना "माझ्या लेकराला कापलं" याचीच सल जास्त असते.

दिरांचं म्हणणं मात्र मला साफ नामंजूर आहे. त्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. कमावता माणूस गेला, पोराची फी कुठून आणायची हा खरा प्रश्न आहे. पण अवयवाच्या बदल्यात पैसे घेणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड. "मदत" म्हणा नाहीतर "शिक्षणाचा खर्च" म्हणा, बोलणं त्या दिशेला गेलं की शब्द बदलून उपयोग नाही. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा: तो माणूस रोज गोळ्या खाऊन जगतोय, शरीराने हृदय नाकारू नये म्हणून. तुम्ही दारात उभे राहिलात तर तो नाही म्हणू शकेल का? मग त्याने दिलेलं ते मदत असेल की खंडणी? आणि उलट बाजू. उद्या त्याची तब्येत बिघडली, ते हृदय थांबलं, तर तुम्ही दुसऱ्यांदा विधवा झाल्यासारख्या रडाल. देणारा आणि घेणारा यांची ओळख एकमेकांना द्यायची नाही हा दंडक यासाठी आहे. फोटो छापायला नको होता. पत्ता मिळाला म्हणून जायलाच हवं असं नाही.

फीसाठी दुसरे दरवाजे आहेत. अपघाताची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येते. धडक देऊन वाहन पळून गेलं असेल तर सरकारी भरपाईची वेगळी योजना आहे. वर्ष होत आलंय, वकिलांना लगेच भेटा, या दाव्यांना मुदतीची अडचण येऊ शकते. रुग्णालयाचं बिलही एकदा काढून बघा. संमती दिल्यानंतर अवयव टिकवण्याचा, काढण्याचा, नेण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही. टाकला असेल तर लेखी विचारणा करा.

राहिला मुलगा. सातवीतल्या पोराला गोष्टी सांगू नका, आकाशातला तारा वगैरे तर नकोच. त्याला सांगा, पप्पा अपघातात वारले. त्यांचं हृदय चांगलं होतं, ते डॉक्टरांनी एका खूप आजारी माणसाला बसवलं. काकांनी नाव शोधलंय हे त्याला कळलं असेल तर तेही लपवू नका, पण आपण त्यांना भेटायला जात नाही आणि का जात नाही, हे सांगा. तो बहुधा पुढचं विचारेल: ते अजून चालू आहे का? तेव्हा अंदाजाने "हो" म्हणू नका. समन्वयक मॅडमना फोन करा, नाव-गाव न विचारता एवढंच विचारा. त्या सहसा एवढं सांगतात. उत्तर काहीही आलं तरी त्याला तसंच सांगा. आणि फोन कराल तेव्हा सासूबाई घरात असतील तर दार लावून घेऊ नका.